सवच्या ऊन पाण्यात दोन पाय

महाडात माझी पहिली ओळख 'करंटवाली बाई' अशी झाली. फिजिओथेरपिस्ट हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना. मग मी पाटीवर 'भौतिकोपचारतज्ज्ञ' असं लिहून घेतलं, तर पाटी रंगवणाऱ्यानेच विचारलं, "म्हणजे तुम्ही करता काय?" मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि बाहेर जाऊन कुणाला तरी म्हणाला, "मालिश करतात." मालिश हा शब्द मला आजही झोंबतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कुणी लग्नकार्यात भेटलं आणि "बाई, जरा मान दाबून द्या ना" म्हणालं, की माझं जेवण कडू होतं.

हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे माझी खोली होती. एक उंच टेबल, भिंतीला लावलेली लाकडी शिडी, छतातून लोंबणाऱ्या दोऱ्या आणि कप्प्या, आणि ते करंटचं यंत्र. लोकांचा सगळा जीव त्या यंत्रावर. एक आजोबा डाव्या गुडघ्यासाठी यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी उजव्या गुडघ्यावरूनही धोतर वर केलं. मी म्हटलं, "आजोबा, हा तर बरा आहे." तर म्हणाले, "हाय बरा. पन ह्याला लावलं नाय तर रुसंल तो." एक मुख्याध्यापक होते, त्यांचा खांदा धरला होता. घरी व्यायाम करा म्हटलं की मान हलवायचे आणि तस्सेच परत यायचे. शेवटी मी त्यांना म्हटलं, सर, गृहपाठ न करणाऱ्या मुलाला तुम्ही काय करत होता? त्यानंतर ते आलेच नाहीत. खांदा सुटला की नाही ते मला कधी कळलं नाही.

आमचं काम खरं तर सांगायला सोपं आहे. शरीर जे विसरलंय ते त्याला पुन्हा शिकवायचं, आणि जे शिकवता येत नाही त्याच्यावाचून जगायला माणसाला शिकवायचं. पहिलं काम सगळ्यांना आवडतं. दुसऱ्याबद्दल कुणी ऐकून घेत नाही, आणि मी आयुष्यभर मुख्यत्वे हे दुसरंच केलं.

मी मिरजेची. महाडला नोकरी मिळाली म्हणून आले, वर्षभर राहीन म्हटलं आणि राहिलेच. लग्न झालं नाही. 'केलं नाही' असं सांगायची माझी पद्धत आहे. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, एक रेडिओ, रविवारी दुपारी कपड्यांना इस्त्री. दिवसभर माणसांची हाडं-मांस हातात असायचं, आणि संध्याकाळी कुलूप उघडलं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढच्या गोष्टीत त्याचा संबंध येणार आहे म्हणून आधीच सांगून टाकते.

महाड-पोलादपूर भागात तेव्हा माणसं झाडावरून फार पडायची. भाताच्या रोपासाठी जमीन भाजावी लागते. त्यासाठी हिवाळ्यात झाडांच्या डहाळ्या तोडून वाळवून ठेवायच्या. त्याला कवळ तोडणं म्हणतात. ऐनाच्या, किंजळीच्या झाडावर कोयता घेऊन चढायचं, आणि उभं राहायचं ते बहुतेकदा आदल्या वर्षी तोडलेल्या खुंटावर. कवळाचे दिवस आले की मी दवाखान्यात पट्ट्या जास्तीच्या मागवून ठेवायची.

पडलेल्या माणसाला डोंगरावरून खाली आणायची रीत म्हणजे डोली. एका बांबूला घोंगडी बांधायची, त्यात माणूस घालायचा आणि दोन टोकं दोघांनी खांद्यावर घ्यायची. बाळंतीण, तापाने फणफणलेलं माणूस, पाय मोडलेलं माणूस, सगळं असंच उतरायचं. रस्ता नसलेल्या वाडीची ती अँब्युलन्सच. पण पाठीचा मणका मोडला असेल तर तीच डोली वैरी होते. घोंगडीत माणूस दुमडला जातो, आणि मोडलेलं हाड आत सरकतं. मी वाडीवाडीत गेले की घसा फोडून सांगायची, पाठीवर पडलेल्याला डोलीत घालू नका, दाराची फळी काढा, तिच्यावर बांधा आणि आणा. बायका हसायच्या. "बाय दार काडाय सांगते," म्हणायच्या.

यशवंत उतेकरला डोलीतूनच आणलं होतं.

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर, डोंगरमाथ्यावर त्याची वाडी. पाच-पन्नास गुरं, खाली भातखाचरं, आणि कमवती माणसं झाडून सगळी मुंबईला. यशवंत मुंबईला न गेलेला. पस्तिशीच्या आतबाहेरचा, बोलायला मिठ्ठास. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि त्याची बायको सुनंदा, गोठ्यात एक दुभती म्हैस आणि बैलांची जोडी. धाकटा भाऊ दिनेश मुंबईत एका कंपनीची गाडी चालवायचा. यशवंत किंजळीवरून पडला तेव्हा दिनेश नेमका गावी आलेला होता. डोलीचं पुढचं टोक त्याच्या खांद्यावर होतं.

मुंबईत ऑपरेशन झालं, मणक्याला पट्ट्या-स्क्रू लागले, आणि यशवंत परत आला. बेंबीच्या खाली काही हलत नव्हतं आणि काही कळतही नव्हतं.

आपल्या मणक्यांच्या आतून करंगळीएवढी जाड एक दोरी जाते, मज्जारज्जू. डोक्यातला हुकूम तिच्यातून खाली जातो आणि पायाला काटा बोचल्याची खबर तिच्यातून वर येते. हातातली एखादी नस तुटली तर कधीकधी हळूहळू पुन्हा वाढते. ही दोरी तसं करत नाही. ती एकदा चेंगरली की चेंगरली. पण मग पाय मेले असंही नाही. जखमेच्या खालचा दोरीचा तुकडा जिवंत असतो. पायाला हात लावला, लघवी तुंबली, गार वारा आला, की तो आपल्याआपण पाय झाडतो. घरमालक परगावी गेल्यावर भाडेकरूंनी आपल्या मनाने कारभार करावा तसं. डोक्याला त्याचा पत्ता नसतो.

मी दर सोमवारी जायची. महाडहून पोलादपूर, तिथून कापड्याची एसटी, मग चढण. यशवंतला कुशीवर कसं वळवायचं, ढुंगणावर जखम होऊ नये म्हणून काय बघायचं, लघवीची नळी कशी सांभाळायची, हे सुनंदाला शिकवलं. तिला एकदा सांगितलं की पुरे असायचं. "गरम पाण्याची पिशवी नाही, चुलीजवळ पाय नाही, उन्हात तापलेल्या कातळावर पाय नाही," असं मी बजावलं होतं, कारण ज्या पायाला कळत नाही तो भाजला तरी मागे घेतला जात नाही. सुनंदाने चुलीपासून त्याचं अंथरूण इतकं लांब नेलं की थंडीत तो कुडकुडायचा.

पायाबद्दल मी पहिल्या महिन्यातच स्पष्ट बोलले होते. "यशवंत, पाय येणार नाहीत. तू येशील." तो हसला. म्हणाला, "मी कुटं गेलोय बाय? मी हितंच हाय."

आणि तो तिथेच होता, दिवसभर, ओटीवर. सुनंदा रानात, गुरं रानात, वाडीतली पोरं खालच्या शाळेत. त्याला कुठल्या गुराची घंटा कुठल्या वळणावर वाजते ते ऐकून कळायचं. मला म्हणायचा, "सोमवार आला की बरं वाटतं. तुमी बोलता तरी." मी मनात म्हणायची, बाबा रे, मीही आज सकाळपासून कंडक्टरशिवाय कुणाशी बोललेली नाही.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. हातांच्या जोरावर तो स्वतःचा स्वतः उठून बसायला लागला, फळीवरून घसरत ओटीच्या कडेला यायला लागला. माझ्या हिशेबाने हे मोठं यश होतं. वाडीच्या हिशेबाने तो अजून पडूनच होता.

मग एका सोमवारी दिनेश माझी वाट बघत बसलेला. मुंबईत त्याने टीव्हीवर स्टेम सेलबद्दल पाहिलं होतं. "मॅडम, मूळपेशी टाकतात म्हणे. पॅरालिसिसवाले चालायला लागलेत. बिलकुल उभे."

मला जे माहीत होतं ते मी त्याला सांगितलं. मूळपेशी म्हणजे पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेली पेशी. रक्ताच्या काही आजारांत ती दुसऱ्याकडून घेऊन देतात आणि तिथे त्याचा खरोखर उपयोग होतो. मणक्यासाठी मात्र हे नवीन होतं. कमरेच्या हाडातला मगज सुईने काढायचा, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करायच्या, आणि पाठीत सुई घालून दोरीभोवतीच्या पाण्यात सोडायच्या. त्या जखमेपर्यंत जातील, तिथे नवी नस करतील किंवा जुनीला हात देतील, अशी आशा. उंदरांवर काही चांगलं दिसलं होतं. माणसांत सिद्ध काही नव्हतं. आज इतक्या वर्षांनी मी वाचते, विचारते, तेव्हाही ते प्रयोगाच्याच उंबऱ्यावर आहे असं समजतं.

"म्हणजे होणार नाही असं तुम्ही सांगता?" दिनेशने विचारलं.

"होईल असं कुणाला माहीत नाही, असं सांगते."

"मग होणार नाय हे पण कुणाला माहीत नाय ना?"

याचं उत्तर शास्त्रात असतं, पण डोलीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलेल्या माणसापुढे ते काढायचं कसं? मुंबईतल्या कुणी डॉक्टरने ऑपरेशनच्या वेळी बोलता बोलता म्हटलं होतं, "असं दुमडून आणायला नको होतं." तेव्हापासून दिनेशच्या डोळ्याला डोळा नव्हता. दर पंधरवड्याला तो गावी यायचा आणि भावाच्या पायथ्याशी बसायचा. मला वाटतं यशवंतपेक्षा त्यालाच त्या सुईची जास्त गरज होती.

वाडीच्या मुंबई मंडळाने हात दिला, दिनेशने उरलेलं जमवलं, आणि ते दोघे एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन सुई घेऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी खोटं काही सांगितलं होतं असं मी म्हणणार नाही. "फरक पडू शकतो," म्हणाले. एका वेळेने भागलं नाही तर पुन्हा द्यावी लागेल, हेही म्हणाले.

ते परतल्यावर मी गेले तर घरात पाऊल ठेवायला जागा नाही. ओटीवर, अंगणात, गोठ्याच्या दारात माणसं. कुणी नारळ आणलाय, कुणी अंडी. यशवंत मधोमध नवरदेवासारखा टेकून बसलेला. मला बघून सुनंदा धावत आली. "बाय, पाय हालला! म्या पांगरुन काडलं आनि पाय असा वर उचालला त्यांनी!"

मी तिला सांगितलं, तो त्याने उचलला नाही, आपोआप झाडला गेला, पूर्वीही होत होतं. ती म्हणाली, "तवा एवडा नव्हता व्हत." शेजारची एक म्हातारी म्हणाली, "बायला करंटचं म्हाईत, ह्यातलं काय म्हाईत?" सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

"यशवंत, तुला काय वाटतं?" मी विचारलं.

त्याने एकदा दिनेशकडे पाहिलं, एकदा सुनंदाकडे. म्हणाला, "मुंग्या येतात बाय. मांडीला हात लावला की समजतं."

अंगणात आनंदीआनंद झाला. दिनेश भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. मी तपासणी करते म्हटलं, तर "आज नको मॅडम, पाहुणे हायत," म्हणाला. तेव्हाच कळलं, दुसऱ्या सुईची बोलणी सुरू झाली होती. मंडळाकडून पुन्हा मागायला तोंड नव्हतं. शिमगा झाला की म्हैस आणि बैल विकायला काढायचे असं ठरत होतं. सुनंदा उठून गोठ्यात गेली. त्या म्हशीच्या दुधावर तिचं घर चालत होतं, आणि बैल गेले तर खाचरं दुसऱ्याला द्यावी लागणार होती. म्हणजे यशवंतच्या पायांत खरंच काही आलंय की नाही, यावर आता त्या घराची चूल पेटती राहणार की नाही हे ठरायचं होतं.

मी उतरताना ठरवलं, पुढच्या सोमवारी घर रिकामं असेल तेव्हा नीट बघायचं.

त्या सोमवारी सकाळी मी निघायच्या आतच सुनंदा दवाखान्याच्या पायरीवर दिसली. पदर तोंडाशी धरलेला. आत कॉटवर यशवंत होता. दोन्ही पावलांवर आणि पोटऱ्यांवर पाण्याने भरलेले फोड, काही फुटलेले, खालची कातडी लालभडक. मी इतक्या वर्षांत भाजलेले पाय पाहिले होते, पण त्या पायांचा मालक इतका शांत बसलेला कधी पाहिला नव्हता.

दिनेश शिमग्याला आला होता. आदल्या दिवशी भावाला डोंगराखाली उतरवून, जीप करून त्याने सवला नेलं होतं. महाडजवळचं सव गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी सगळ्यांना ठाऊक आहे. आखडलेले गुडघे, धरलेली कंबर घेऊन आमची सगळी म्हातारीकोतारी तिथे जातात. मी स्वतः कितीकांना पाठवलंय. आपण त्या पाण्यात पाय सोडतो, सोसत नाही तेव्हा काढून घेतो, पुन्हा सोडतो. दिनेशला वाटलं, नसा जाग्या होताहेत, तर ऊन पाण्याने लवकर जाग्या होतील.

मी सुनंदावर ओरडले. "तुला किती वेळा सांगितलं होतं? गरम पाणी नाही म्हणून?"

"सांगितलं व्हतंत," ती म्हणाली. "पन बाय, ते पायाला समजत नव्हतं तवर. आता समजतं ना ह्यांना? म्या धा वेळा इचारलं, ऊन लागतंय का, काडू का पाय? ते म्हनले, लागतंय गो, बरं वाटतंय, ऱ्हाऊ दे."

तिने माझा नियम मोडला नव्हता. तिच्या दृष्टीने त्या नियमाचं कारणच संपलं होतं.

दिनेश मात्र वेगळ्याच नादात होता. घाबरला होता, पण आतून उजळलेला. "मॅडम, चूक झाली, जास्त वेळ ठेवले. पण बघा, त्याला ऊन लागत होतं! म्हणजे लाइन चालू झालीय. दुसरी सुई लवकर दिली पाहिजे. तुम्ही एकदा तपासून सांगा, मी परवाच गुरांचं बघतो."

मी म्हटलं ठीक आहे, आत्ताच तपासते. तोवर जखमा धुऊन पट्ट्या बांधून झाल्या होत्या, म्हणून मांड्यांवर तपासायचं ठरवलं.

ही तपासणी अगदी साधी असते. रोग्याच्या डोळ्यांवर फडकं टाकायचं. कापसाचा बोळा नि टाचणी घ्यायची. जिथे नक्की समजतं तिथून, म्हणजे छातीपासून, सुरुवात करायची आणि खाली यायचं. दर वेळी विचारायचं, लागतंय का? आणि मधूनमधून हात न लावताच विचारायचं. रोग्याला पकडायला नव्हे. माणसाचं मन स्वतःलाही फसवतं, म्हणून ती पद्धत आहे.

दिनेश कॉटच्या पायथ्याशी उभा, सुनंदा खिडकीशी. मी यशवंतच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला.

"लागतंय का?" छातीवर.

"हां."

"आता?" बेंबीच्या वर.

"हां."

"आता?" डाव्या मांडीवर टाचणी.

जरासा थांबून तो म्हणाला, "लागतंय."

दिनेशने मुठी आवळल्या. मी टाचणी उचलली. माझा हात हवेत होता, मांडीपासून वीतभर वर.

"आता लागतंय का?"

"लागतंय."

"आता?"

"लागतंय बाय. बारीक लागतंय, पन लागतंय."

मी वर पाहिलं. दिनेश माझ्या हाताकडे बघत होता. मग सुनंदाही बघायला लागली. आणि टॉवेलखाली यशवंत, कुणी विचारत नसताना, आपला सांगतच होता. "लागतंय... हां, आता लागलं... लागतंय..."

"बास, मॅडम," दिनेश म्हणाला. त्याने पुढे येऊन स्वतःच टॉवेल काढला. "दादा, त्यांनी हात लावलाच नाय."

यशवंतने मान वळवली नाही. वरच्या पंख्याकडे बघत राहिला. तसाच म्हणाला, "मग काय सांगू तुला? नाय म्हनलो की तू परत ती डोली काडून बसनार. रातचं उटून बसतोस. मी बगतो ना."

"मीच वाकवला तुला, दादा."

"झाडावर कोन चडला? मी चडलो. खुट कुजका व्हता ते मला दिसलं व्हतं, तरी पाय दिला. तू व्हतास म्हनून मी खाली तरी आलो. ऱ्हायलो आस्तो तितंच." मग पहिल्यांदाच त्याने भावाकडे पाहिलं. "आता सोड ते."

दिनेश कॉटच्या दांडीवर कपाळ टेकून लहान मुलासारखा रडला. मी टाचणी डबीत ठेवण्यात उगीच बराच वेळ घालवला. खिडकीशी उभी असलेली सुनंदा एवढंच म्हणाली, "मग म्हस नाय इकायची." विचारलं नव्हतं तिने, सांगितलं होतं.

म्हैस राहिली, बैल राहिले. भाजलेले पाय भरून यायला पुढचा सगळा पावसाळा गेला, कारण तसल्या पायांची कातडी भरायला फार वेळ घेते. एक जखम हाडापर्यंत गेली तेव्हा मी देव पाण्यात ठेवले होते. पण भरली. त्यानंतर यशवंत घसरत घसरत गोठ्यापर्यंत जायला लागला, आणि खांबाला पाठ टेकून म्हशीचं दूध काढायला शिकला. हे मी माझ्या कामातलं सगळ्यात मोठं यश समजते. 'मालिश' म्हणणाऱ्यांनी ते येऊन बघायला हवं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती सुखाने सांगितली असती. पण वाडी दुसऱ्या आठवड्यापासूनच यायची थांबली. नारळ नाही, अंडी नाही. पाय हलतो का बघायला कोण येणार, हलत नाही हे ठरल्यावर? दिनेशही पंधरवड्याचा महिन्यावर आला, मग गणपती आणि शिमगा, मग फोन. त्याचं लग्न झालं, मूल झालं. त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं होतं, आणि ओझं उतरलेला माणूस चालायला लागतो. मला तो एकदा पोलादपूरच्या स्टँडवर भेटला तेव्हा चांगला अंगाने भरला होता. "दादा कसा हाय?" असं त्याने मलाच विचारलं.

एका सोमवारी मी यशवंतला विचारलं. खूप दिवस मनात होतं. "दिनेशसाठी तू खोटं बोललास हे कळलं. पण सवला? तिथे सुनंदा दहा वेळा विचारत होती. पाय भाजतील हे तुलाही माहीत होतं."

तो दोर वळत होता. हात न थांबवता म्हणाला, "बाय, लागतंय म्हनत व्हतो तवर घर भरलेलं व्हतं. सवला मोप मानसं व्हती. सगली इचारत व्हती, कसं वाटतं, कसं वाटतं. दोन वरसांत मला कुनी इचारलं नव्हतं. मला वाटलं, जरा वेळ ऱ्हाऊ दे."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला त्याचा हेवा वाटला. निदान काही दिवस तरी त्याने घर भरून घेतलं होतं, आणि ते रिकामं झालं ते माझ्या हवेतल्या हातामुळे. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करेन. गोठ्यातली म्हैस मला दिसते. पण ओटीवर एकटा बसलेला यशवंतही दिसतो, आणि दोन्ही एकाच वेळी दिसतात.

मी जात राहिले. पुढे पुढे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुनंदाला सगळं येत होतं, आणि यशवंतला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. तरी मी त्याचे पाय हातात घ्यायची, घोटे फिरवायची, गुडघे दुमडायची. एका सोमवारी असंच चाललं होतं. तो बराच वेळ बघत होता.

"बाय," तो म्हणाला, "ह्या पायांना आता काय करायचं ऱ्हायलेलं नाय. मला समजतं. मग एवडी चडन चडून तुमी येता कशाला?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. सांधे आखडतात, व्यायाम सुटता कामा नये, वगैरे. पण ते राहू दिलं.

"सोमवारी माझ्या घरी कुणी नसतं," मी म्हणाले.

"आनि मंगलवारी?"

"मंगळवारीही नसतं."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग आतल्या अंगाला तोंड करून हाक मारली, "अगो, ऐकलंस का? भाकरी जास्त टाक. बाय आज जेवून जानार हाय."